तीन मास्तर आणि माझा उजवा खांदा

वल्हं घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढू नये, असं नियमावलीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तसं ड्रायव्हरकाकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, म्हैस आणू नये असंही कुठं लिहिलेलं नाही."

पण त्यांनी चढू दिलं. कयाक नावाच्या अरुंद होडीचं वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं आणि माणसापेक्षा लांब असतं. मी ते बसच्या मधल्या वाटेत ठेवून दिलं. शिवाजीनगरपासून हिंजवडीपर्यंत प्रत्येक थांब्यावर चढणारा माणूस ते ओलांडता ओलांडता माझ्याकडे बघून पुढे जात होता. स्कूटी गॅरेजमध्ये होती, नऊला मीटिंग होती आणि नदीवरून घरी जाऊन वल्हं ठेवून यायला वेळ नव्हता. गेटवर सिक्युरिटीवाल्याने बॅग उघडायला लावली. आतून कराटेचा पांढरा ड्रेस निघाला, तपकिरी पट्टा निघाला, जिमचे हातमोजे निघाले, ओला टॉवेल निघाला आणि सगळ्यात खाली जेवणाचा डबा. त्याने वल्ह्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'चप्पू, एक नग.' मग पेन माझ्या हातात देऊन म्हणाला, "साइन कीजिए. शाम को वापस ले जाना."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. हिंजवडीत उसाच्या शेतांमधून काचेच्या इमारती वर येत होत्या. कंपन्या कॉलेजात येऊन मुलांना घाऊक भावात उचलून नेत होत्या, त्यात मीही उचलले गेले. काम होतं सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या चुका शोधायच्या आणि त्याला नम्रपणे कळवायच्या. आई म्हणाली, "हे तर तू पहिल्यापासूनच करतेस. नम्रपणा तेवढा नवीन."

पट्टा, हातमोजे आणि वल्हं या तीन गोष्टी माझ्या आयुष्यात वेगवेगळ्या वाटांनी आल्या होत्या, आणि त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती.

कराटे सगळ्यात जुनं. बाबा पाटबंधारे खात्यात होते. मी पाचवीत असताना एका संध्याकाळी त्यांनी मला स्कूटरवर घातलं आणि शनिवार पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये नेऊन उभं केलं. तिथल्या सरांनी विचारलं, "कशासाठी शिकायचंय?" बाबा म्हणाले, "उद्या कुणी हिला त्रास दिला, तर हिला अर्ज लिहीत बसावं लागू नये." सरांनी मान डोलावली आणि मला रांगेच्या शेवटी उभं केलं.

सर दिवसा बँकेत कारकून आणि संध्याकाळी कराटेचे शिक्षक. ते पाचवीतल्या मुलांनाही 'आपण' म्हणायचे, आणि त्या 'आपण'चीच आम्हाला जास्त भीती वाटायची. "आपण लाथ मारलीत, की पत्ता विचारलात?" असं ते शांतपणे म्हणायचे. पुढे बँकेत कॉम्प्युटर आले, स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सरांनी ती घेतली. नेमकी त्याच्या पुढच्याच वर्षी मी नोकरीचे पेढे घेऊन गेले. सरांनी पेढ्यांकडे पाहिलं. "म्हणजे ज्या यंत्राने मला घरी बसवलं, त्याच्याकडेच आपण कामाला लागलात. ठेवा तिथे." मग त्यांनी दोन पेढे खाल्ले.

जिम नोकरीमुळे आली. दिवसभर खुर्चीत बसून सहा महिन्यांत माझी पाठ एवढी दुखायला लागली, की एका संध्याकाळी बसमधून उतरताना मला रेलिंग धरावी लागली. आमचं घर वारज्यात. जवळच एका हार्डवेअरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर नवी जिम झाली होती. मालकांना सगळे पैलवान म्हणायचे, पण ते कुस्ती कधी खेळले नव्हते. त्यांनी पंधरा वर्षं मार्केट यार्डात हमाली केली होती. कांदा, बटाटा, गूळ, जे ट्रकमधून उतरेल ते पाठीवर घेतलं होतं. पुढे पॉवरलिफ्टिंगमध्ये जिल्ह्यात नाव काढलं आणि मग ही जिम. आमच्या भागात आयटीवाली पोरं राहायला आली होती आणि सगळ्यांच्याच पाठी दुखत होत्या, त्यामुळे जिम जोरात होती.

पहिल्या दिवशी त्यांनी मला लोखंडी दांडा जमिनीवरून उचलायला लावला. मी वाकून उचलला. ते डोळे मिटून उभे राहिले, जणू त्यांनाच दुखलं.

"ताई, पोतं कधी हातानं उचलत न्हाईत. पोतं पायानं उचलत्यात. हात नुसतं धरायला हायेत."

आणि कयाक? ती कंपनीच्या कृपेने आली. सगळ्यांमध्ये संघभावना यावी म्हणून आम्हाला एका शनिवारी पानशेतच्या पाण्यावर नेलं. संघभावना कुणामध्ये आली नाही, पण मी एका अरुंद होडीत बसले, चार हात गेले आणि पालथी झाले. वर आले, परत बसले, परत पालथी झाले. असं सात वेळा झालं. बाकीचे जेवायला गेले तरी मी पाण्यातच. आठव्या वेळेला होडी सरळ राहिली आणि वीस-पंचवीस वल्ह्यांपर्यंत तशीच गेली. आजूबाजूला कुणी नाही, पाण्याचा बारीक आवाज आणि समोर डोंगर. मला एवढा आनंद झाला, की मी मोठ्याने हसले आणि तेवढ्यात पुन्हा उलटले.

पुढच्याच आठवड्यात मी संगमाजवळच्या एका बोट क्लबमध्ये नाव घातलं. तिथे शिकवणाऱ्या मॅडम एका शाळेत भूगोल शिकवायच्या. तरुणपणी त्या राष्ट्रीय स्पर्धांना गेल्या होत्या. आता डोक्याला स्कार्फ बांधून, गळ्यात शिट्टी अडकवून त्या काठावरून मोपेड चालवायच्या आणि पाण्यातल्या आमच्यावर ओरडायच्या. "अगं, वल्हं काय ओढतेस? वल्हं पाण्यात रोव आणि तू पुढे जा!" पुण्याची नदी म्हणजे पानशेतचं पाणी नव्हे. वास यायचा. उन्हाळ्यात जलपर्णी एवढी वाढायची, की आमची वाट दर आठवड्याला बदलायची. पण पहाटे सहाला पाण्यावर धुकं असायचं, पुलावरून गाड्यांचा आवाज अजून सुरू झालेला नसायचा, आणि अशा वेळी नाकाकडे दुर्लक्ष करता येतं.

तर असं तीन ठिकाणी मी तीन वेगवेगळ्या माणसांची विद्यार्थिनी होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे जिम. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार पहाटे नदी. मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी कराटे. रविवारी सकाळी आमच्या घरातले सगळे विहारात वंदनेला जायचे. तिथे मी नदीवरून थेट ओल्या केसांनी पोचायचे आणि डोळे मिटून बसले, की हमखास डुलकी लागायची. शेजारच्या आजी कौतुकाने म्हणायच्या, "पोरीचं ध्यान किती लागतं!"

सगळं नीट चाललं होतं. मग एकाच महिन्यात तिघांनाही माझ्याबद्दल आशा वाटायला लागली.

सर म्हणाले, "डिसेंबरात परीक्षक येणार आहेत. आपण ब्लॅक बेल्टला बसा." चौदा वर्षांत सरांनी मला 'बसा' असं पहिल्यांदाच म्हटलं होतं, तेही उभं राहण्याच्या परीक्षेसाठी.

मॅडम म्हणाल्या, "राज्याच्या निवडचाचणीला तुझं नाव देतेय. पहिल्या तिघी जातील. रोज पाण्यात हवीस."

पैलवान म्हणाले, "ताई, तुमच्या वजनी गटात जिल्ह्यात पोरीच न्हाईत. नुसतं उभं ऱ्हायलात तरी मेडल हाय."

मी तिघांनाही हो म्हटलं. नाही म्हणता येत नव्हतं असं नाही. मला खरोखर तिन्ही हवं होतं. दिवसभर खुर्चीत बसून राहिलेलं शरीर पहाटे आणि संध्याकाळी माझं व्हायचं, आणि त्यातला कुठलाही तुकडा मला सोडवत नव्हता.

मग मी खोटं बोलायला लागले. नदीवर उशीर झाला की मॅडमना सांगायचं, कंपनीत काम होतं. कराटेला हात उचलला जात नसला की सरांना सांगायचं, कंपनीत काम होतं. कंपनीत झोप आली की मॅनेजरला सांगायचं, घरी पाहुणे आहेत. सरांना कयाकबद्दल माहीत नव्हतं, पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. एकदा माझ्या मागून जाताना ते थांबले.

"आपले खांदे कुठे निघालेत?"

"कुठे नाही, सर."

"कानांना भेटायला आलेत. परत पाठवा."

सप्टेंबरात उजव्या खांद्यात आतून टोचायला लागलं. आधी फक्त वल्हं मारताना, मग ठोसा मारताना, मग वजन उचलताना, आणि शेवटी एका सकाळी कंपनीत माउस पुढे सरकवताना. मी माउस डाव्या हाताला लावला. शेजारचा सहकारी म्हणाला, "आता हेही नवीन शिकतेयस का?"

घरी मी कुणाला काही बोलले नाही. पण आई महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होती. पंचवीस वर्षं लोक तिच्यापासून दुखणं लपवायचा प्रयत्न करत आले होते. एका सकाळी मी आरशासमोर डाव्या हाताने वेणी घालायची खटपट करत होते. ती चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली.

"उजवा हात कुठे ठेवलायस?"

"आहे की इथेच."

"वर कर."

मी छातीपर्यंत केला. पुढे जाईना. आईने कप खाली ठेवला, माझ्या खांद्याच्या मागे बोटं रोवली, आणि मी किंचाळले. तिने पुढच्या दहा मिनिटांत माझ्याकडून सगळं काढून घेतलं. तीन ठिकाणं, तीन स्पर्धा, तीन प्रकारचं खोटं. मला वाटलं, आता तिन्ही बंद. पण ती रागावली नाही. ती बाबांना म्हणाली, "अहो, हिच्या तिन्ही मास्तरांना घरी बोलवा. एक पेशंट आणि तीन डॉक्टर, आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही, असं असलं की पेशंट हमखास मरतो."

डॉक्टरांनी तीन आठवडे हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. आणि पुढच्या रविवारी चार वाजता आमच्या वारज्याच्या घरात बैठक भरली. बैठक हा बाबांचाच शब्द. त्यांनी खरोखरच कागद, पेन आणि पट्टी घेऊन टीपॉयवर मांडून ठेवली होती.

पहिले सर आले, चार वाजायला पाच मिनिटं कमी असताना. मग पैलवान आले, दारात चपला अगदी एका रेषेत काढून ठेवल्या आणि सोफ्याच्या टोकावर बसले. सोफा त्या बाजूला खाली गेला आणि सर किंचित वर आले. मॅडम सव्वाचारला आल्या, स्कार्फ सोडता सोडता म्हणाल्या, "वारजं म्हणजे केवढं लांब हो!"

आईने कांदाभजी आणि चहा आणला. बाबांनी घसा खाकरला.

"आपण सर्व जण जाणता, की विषय खांद्याचा आहे."

"मी जाणत नाही," सर म्हणाले. "मला सांगण्यात आलं होतं, की कंपनीत काम फार असतं."

"मलापण तेच," मॅडम म्हणाल्या.

"आमाला न्हाय सांगितलं," पैलवान अभिमानाने म्हणाले. मग त्यांना आठवलं. "न्हाय, एकदा सांगितलं व्हतं."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी भज्यांकडे पाहिलं. आयुष्यात एवढी लाज मला नंतर फक्त एकदाच वाटली, ते इथे सांगायचं कारण नाही.

पहिला अर्धा तास कठीण गेला. सरांचं म्हणणं, वजनं उचलून माणूस आखडतो. पैलवानांचं म्हणणं, लाथा मारून गुडघे जातात. मॅडमचं म्हणणं, पाण्यातला व्यायाम सोडून बाकी सगळा व्यायाम म्हणजे जमिनीशी भांडण. सर म्हणाले, "पाण्यात बसून करायचा तो व्यायाम कसला? बसून तर मी बँकेत तीस वर्षं काढली."

मॅडम उठल्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारामागचा फरशी पुसायचा दांडा घेतला, जमिनीवर बसल्या, पाय समोर ठेवून गुडघे थोडे वाकवले. "बघा सर. इथे हात काही करत नाहीत. हा पाय दाबला, की ही कंबर फिरते, कंबर फिरली की पाठ फिरते आणि वल्हं आपोआप मागे जातं." दांडा उजवीकडे गेला, डावीकडे आला, आणि बाबांनी चहाचा ट्रे वेळेत उचलला.

सर पुढे वाकून दांड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा करा."

मॅडमनी पुन्हा केलं. सर उठले, एक पाय मागे टाकला आणि हवेत एक ठोसा मारला, एकदम सावकाश. मागच्या पायाची टाच, मग कंबर, मग सगळ्यात शेवटी मूठ. "हे आणि ते एकच आहे," ते स्वतःशीच म्हणाले.

"अन् हे?" पैलवान म्हणाले. त्यांनी स्वयंपाकघरात नजर टाकली. कोपऱ्यात गव्हाचं पोतं होतं, वर्षभराचं. आई नको नको म्हणेपर्यंत त्यांनी ते पायांमध्ये घेतलं, कंबर मागे नेली, आणि पोतं असं वर आलं की जणू ते स्वतःच उठून उभं राहिलं. चेहऱ्यावर ताण नाही. पोतं खांद्यावर ठेवून ते बैठकीत आले आणि म्हणाले, "ह्याच्यात खांद्याचं काय काम हाय? खांदा नुसता फळी हाय."

तिघंही आपापल्या पवित्र्यात, एकीच्या हातात दांडा, एकाची मूठ पुढे, एकाच्या खांद्यावर गहू. आई सोफ्यावर बसून शांतपणे चहा पीत होती. ती म्हणाली, "तिघांचंही जर कमरेतून चालतं, तर हिचं खांद्यावर का आलं?"

उत्तर आईनेच दिलं. "ही दिवसाचे दहा तास खुर्चीत बसते. कंबर झोपलेली असते. ती जागी व्हायच्या आत ही नदीवर पोचते, आणि मग सगळं हातांनी करते. तुम्ही तिघं तिला ताकद देताय. तिला वेळ कोण देतंय?"

मला त्या वाक्याने रडू आलं. खांदा दुखतोय असं दाखवून मी आत निघून गेले.

परत आले तेव्हा बाबांचा कागद भरत आला होता. पट्टीने रकाने आखलेले, वार, वेळ, ठिकाण आणि शेवटी 'शेरा'. जिम दोन दिवस, जिल्ह्याची स्पर्धा यंदा नाही. पैलवानांनी मोठा उसासा टाकून ते मान्य केलं. नदी तीन दिवस. कराटे दोन संध्याकाळी. रोज पंधरा मिनिटं नुसती कंबर मोकळी करायची, त्याची जबाबदारी पैलवानांकडे. आणि शुक्रवारच्या पुढे बाबांनी लिहिलं होतं, 'निरंक.'

"शुक्रवारी काय?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही," बाबा म्हणाले. "सरकारी सुट्टी समजा."

तिघांनी सह्या केल्या. सरांनी आधी पूर्ण वाचून, पैलवानांनी न वाचता. जाताना पैलवान सरांना म्हणाले, "सर, तुमच्या गुडघ्याचा आवाज येतोय. या एकदा जिमला." सर म्हणाले, "त्याला आवाज करायची सवय आहे. लक्ष देऊ नका." पण पुढच्याच महिन्यात मी एका सकाळी जिममध्ये गेले, तर सर इस्त्रीच्या पँटमध्ये उभे राहून पैलवानांकडून उठाबशा शिकत होते. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही.

तीन आठवडे हात गळ्यात होता. नंतर हळूहळू सुरुवात झाली. आणि मग कळलं, की निवडचाचणी आणि ब्लॅक बेल्टची परीक्षा एकाच रविवारी आहेत. शर्यत सकाळी नऊला, परीक्षा दुपारी तीनला. परीक्षक बाहेरगावचे, तारीख हलणार नव्हती. मी सरांना भीतभीत सांगितलं, या वेळी खरं.

सर म्हणाले, "नऊ आणि तीन यांत सहा तास असतात. बँकेत असताना मी तेवढ्यात दोनदा जेवायचो."

त्या रविवारी थंडी होती. नदीवर धुकं रेंगाळत होतं, त्यामुळे शर्यत दहाला सुरू झाली. पाचशे मीटर, आठ जणी. शिट्टी झाली आणि मी पहिल्यांदाच काही विचार न करता वल्हं मारलं. पाय, कंबर, पाठ. अर्ध्या वाटेपर्यंत माझ्या पुढे एकच होडी होती. काठावरून मॅडमची मोपेड आणि त्यांचा आवाज येत होता. "अशीच! अशीच ये!" शेवटच्या खुणेला पन्नास मीटर उरले असतील. मी डावीकडे पाहिलं, तिसरी किती मागे आहे ते बघायला. ती माझ्या बरोबरीला होती. घाई झाली. कंबर विसरले, हात जोरात ओढला, वल्ह्याचं पातं जलपर्णीच्या एका पुंजक्यात अडकलं आणि मी पाण्यात.

वर आले तेव्हा तोंडात नदी होती. बाकीच्या पुढे निघून गेल्या होत्या. पालथ्या होडीला धरून मी पाय मारत काठाला आले. मॅडम मोपेड टाकून चिखलात उतरल्या होत्या. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी माझ्या केसांतून जलपर्णीचं पान काढलं.

"डावीकडे का बघितलंस?"

"तिसरी कुठे आहे ते बघायला."

"दुसरी तू होतीस. तेवढं पुरेसं नव्हतं?"

मी काठावर बसून रडले. पाच मिनिटं. मग मॅडम म्हणाल्या, "झालं? आता आंघोळ कर आणि शनिवार पेठेत जा. ते तुझे सर उशीर झालेला चालवून घेणारे दिसत नाहीत."

क्लबच्या बाथरूममध्ये पाणी बर्फासारखं होतं. मी साबण तीनदा लावला. पण ही नदी एका आंघोळीत सोडत नाही. हॉलमध्ये मी रांगेत उभी राहिले, तेव्हा शेजारच्या मुलाने आधी माझ्याकडे आणि मग स्वतःच्या बगलेकडे संशयाने पाहिलं. सर तपासणी करत माझ्यापर्यंत आले, थांबले, हवा हुंगली.

"नदी बरोबर आणलीत वाटतं."

"सॉरी, सर."

"किती नंबर?"

"उलटले, सर. शेवटी."

मग माझा पट्टा किंचित तिरका झाला होता, तो त्यांनी स्वतःच्या हाताने सरळ केला. चौदा वर्षांत कधी केला नव्हता.

परीक्षा अडीच तास चालली. पहिल्या काताला, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेला, मी मधेच एक वळण चुकले आणि परीक्षकांनी मला तो पुन्हा पहिल्यापासून करायला लावला. शेवटी तीन जणांशी एकामागून एक लढत होती. दोन्ही हात दमून लोंबत होते, खांद्यात काही उरलंच नव्हतं. पहिला मुलगा अंगावर आला. मला हात उचलायचा कंटाळा आला होता, खरं सांगायचं तर. मी फक्त मागची टाच वळवली. कंबर फिरली आणि मूठ जिथे जायची तिथे जाऊन थांबली, त्याच्या छातीपासून एक बोट अलीकडे. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. दुसराही तसाच गेला. तिसरी मुलगी फार चांगली होती; तिने मला दोनदा ठोशात गाठलं आणि मी तिला एकदा.

निकाल वाचताना माझं नाव शेवटून दुसरं आलं. पास. परीक्षक सरांना म्हणाले, "या मुलीची कंबर चांगली फिरते. काता कच्चा आहे." सर म्हणाले, "कंबर आमची नाही. ती वारज्यातल्या एका हमालाची आणि भूगोलाच्या बाईंची. काता आमचा."

घरी आले तेव्हा आईने दारातच मला थांबवलं, नाक धरून सरळ बाथरूमकडे बोट केलं, आणि मग मिठी मारली.

मॅडमशी मात्र मी महिनाभर नजर मिळवू शकले नाही. त्या निवडचाचणीत पहिल्या आलेल्या तिघी राज्याच्या स्पर्धेला गेल्या, आणि मी काठावरून त्यांचा सराव बघितला. मार्चमध्ये मॅडमनी मला बोलावलं आणि एका चाळिशीच्या बाईंच्या पुढ्यात उभं केलं. त्या विमा कंपनीत अधिकारी होत्या, दोन मुलांच्या आई, अंगाने भरलेल्या, आणि मोठ्याने हसणाऱ्या. "यांच्याबरोबर दोघींच्या होडीत बस," मॅडम म्हणाल्या. "तू पुढे. म्हणजे मागे कोण आहे ते तुला बघावंच लागणार नाही. मागे याच असतील."

आम्ही दोघी वर्षभर एकत्र सराव केला. त्या मागून सतत बोलायच्या, भाजी काय आणायची, मुलाचं गणित, साहेबाची तक्रार. सुरुवातीला वैताग यायचा. मग लक्षात आलं, की त्या बोलत असतात तोवर मी डावीकडे-उजवीकडे बघत नाही. पुढच्या डिसेंबरात राज्याच्या स्पर्धेत आम्ही तिसऱ्या आलो. शेवटच्या खुणेपर्यंत त्या मला सांगत होत्या, की गॅस बंद केला की नाही ते आठवत नाहीये. खूण ओलांडली तेव्हाच त्या गप्प झाल्या. मग मागून त्यांचा हात आला आणि माझ्या पाठीवर जोरात पडला. आम्ही होडी काठाला लावली, दोघींनी मिळून ती डोक्यावर घेतली, आणि उतार चढताना त्या म्हणाल्या, "अगं, मला आता फोन करायला हवा. खरंच, तो गॅस."